रिपोर्टमध्ये एमटीएचएफआर जीन 'लाल' आलंय, मुलाला व्हिटॅमिनं सुरू करावीत का? (ठाणे)

सई_कासारवडवली

नमस्कार. इथे बरेच दिवस वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच. मुलगा साडेतीन वर्षांचा. दोन वर्षांचा होईपर्यंत थोडे शब्द होते, मग हळूहळू गेले. हाक मारली तर बघत नाही, पण कुकरची शिट्टी व्हायच्या आधीच कानांवर हात ठेवतो. डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियननी ऑटिझम सांगितलाय. घोडबंदर रोडवरच्या एका सेंटरला ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) आणि स्पीच थेरपी चालू आहे.

तिथे गेल्या महिन्यात एक न्यूट्रिशन कन्सल्टंट आल्या होत्या. त्यांनी गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून नमुना घेतला. रिपोर्ट भलामोठा, पानोपानी हिरवे-पिवळे-लाल गोल. लाल गोलात: एमटीएचएफआर सी६७७टी, निकाल सी/टी. त्याखाली ए१२९८सी, निकाल ए/सी. शेरा: 'मिथिलेशन मंदावलेले. ऑटिझमशी संबंधित.' आणि मागोमाग किट. मिथाइलफोलेट, मिथाइल बी१२, बी६ मॅग्नेशियमसकट, डी३चे थेंब, झिंक, ओमेगा. महिन्याला सोळा हजार. नवरा म्हणतो, ओटीचं एक सेशन कमी करू आणि सहा महिने हे करून बघू. सासूबाई म्हणतात, व्हिटॅमिनंच तर आहेत, विष थोडंच आहे.

या जीनमुळेच झालंय का हे? आणि दिलं तर नुकसान तर नाही ना? आणखी एक प्रश्न आहे, तो विचारायला लाज वाटतेय. दिवस गेल्याचं मला सातव्या आठवड्यात कळलं. फॉलिकची गोळी त्यानंतर सुरू झाली. त्यामुळे तर नाही ना झालं?

टिंग्या_वाशी

सगळे गोल हिरवे आलेला एखादा तरी रिपोर्ट आजवर कुणी पाहिलाय का? कुतूहल म्हणून विचारतोय.

जनुकवाली

सई, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण झोप त्याने उडालीय.

फॉलिक ॲसिड आणि ऑटिझम यावरचा सगळ्यात जास्त सांगितला जाणारा अभ्यास नॉर्वेचा, २०१३ साली छापून आलेला. ८५,१७६ मुलं. गर्भधारणेच्या चार आठवडे आधीपासून आठ आठवडे नंतरपर्यंत ज्या आयांनी फॉलिक घेतलं त्यांच्या मुलांत ऑटिस्टिक डिसऑर्डर ०.१० टक्के, नाही घेतलं त्यांच्यात ०.२१ टक्के. बातमीत हे 'धोका निम्म्यावर' असं येतं. आता तेच आकडे उलटीकडून वाच. गोळी न घेतलेल्या हजार आयांपैकी ९९८ जणींच्या मुलांना ते निदान नव्हतं. आणि गोळी घेतलेल्यांतही हजारी एक होतंच. शिवाय ज्या बायका ठरवून, आधीपासून गोळी घेतात त्यांचं शिक्षण, खाणंपिणं, डॉक्टरकडे जाणं सगळंच जरा वेगळं असतं. संशोधकांनी ते गणितात धरायचा प्रयत्न केला, मग फरक आणखी कमी झाला. तरीही हा 'संबंध'च राहतो, 'कारण' नाही. तू सातव्या आठवड्यात गोळी घेतलीस म्हणून हे झालं असं जगातला कुणीही प्रामाणिक माणूस सांगू शकत नाही. फॉलिक घ्यायचं खरं, भक्कम कारण मणक्याचे आणि मेंदूचे जन्मजात दोष टाळणं. ते १९९१ च्या ब्रिटिश चाचणीत सिद्ध झालंय: आधी असं मूल झालेल्या आयांमध्ये पुन्हा तसं होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. ऑटिझमच्या बाबतीत त्या तोडीचा पुरावा नाही.

आता लाल गोल. मी जेनेटिक्सच्या लॅबमध्ये काम करते, डॉक्टर नाही, तेवढं धरून वाच.

एमटीएचएफआर हा एक एन्झाइम बनवणारा जीन. आपण खाल्लेल्या फोलेटला (हे बी९ व्हिटॅमिन, फॉलिक ॲसिड त्याचंच एक रूप) शरीराच्या वापरातल्या रूपात आणण्याची एक पायरी हा एन्झाइम करतो. सी६७७टी आणि ए१२९८सी ही त्यातली अगदी साधी, सर्रास सापडणारी रूपं. ए१२९८सीची किमान एक प्रत तर भारतात निम्म्याहून जास्त लोकांकडे असते. सी६७७टीची एक प्रत चार-पाच जणांत एकाकडे. तुमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये सहा माणसं असतील तर त्यांतल्या तिघाचौघांना तुझ्या मुलासारखा एखादा लाल गोल मिळेल, आणि त्यातला कुणी लिफ्टचं बटण दाबत गणपतीच्या वर्गणीचा हिशेब बोलत असेल.

सी/टी, म्हणजे एक प्रत साधी आणि एक बदललेली, असलं की एन्झाइमचं काम प्रयोगशाळेत साधारण ६५ टक्के भरतं. टी/टी, म्हणजे दोन्ही प्रती बदललेल्या, असेल तर ३० च्या आसपास. ऐकायला भयंकर. पण घोडबंदर रोडची एक लेन बंद असली तरी गाड्या पोचतातच, तसं शरीर भागवून घेतं. टी/टी वाल्यांच्या रक्तातलं फोलेट, तेवढंच फॉलिक ॲसिड खाऊन, साधारण १६ टक्के कमी भरतं. बस. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने स्पष्ट लिहिलंय की ही रूपं असलेली माणसं फॉलिक ॲसिडसकट सगळ्या प्रकारचं फोलेट वापरू शकतात. आणि तुझ्या मुलाचं टी/टी नाहीच.

टिंग्या_वाशी

ताई, बाकी सगळं मान्य, पण घोडबंदरला एक लेन बंद झाल्यावर गाड्या पोचतात हे कोणत्या देशातलं? मानपाड्याला काल पाऊण तास उभा होतो.

जनुकवाली

😀 पोचलास ना शेवटी?

रेणुताई_ऐरोली

मी वेगळं मत मांडते, राग मानू नका. माझा मुलगा सात वर्षांचा. आम्ही दोन वर्षं मिथाइल बी१२ आणि फोलेट देतोय. त्याआधी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागा असायचा. आता झोपतो, वाक्यं बोलतो, डोळ्यांत बघतो. शाळेतल्या बाईंनी आपणहून विचारलं की काय बदल केलात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आणि संशोधन नाही असंही नाही. कॅलिफोर्नियातल्या चार्ज नावाच्या ऑटिझमवरच्या अभ्यासाचा २०११ चा पेपर आहे. आईने गरोदरपणाच्या सुमारास व्हिटॅमिनं घेतली नसतील आणि तिचं एमटीएचएफआर ६७७ टी/टी असेल तर धोका साडेचारपट. २०१३ च्या एका मेटा-ॲनालिसिसमध्ये (अनेक अभ्यास एकत्र करून केलेलं गणित) सी६७७टीचा ऑटिझमशी संबंध दिसला, आणि तोही ज्या देशांत पिठात फॉलिक घालत नाहीत तिथेच. आपल्याकडे पिठात सक्तीने घालतात का? नाही. मग आपल्याला तर हे जास्तच लागू पडतं. डॉक्टर लोक एका वाक्यात उडवून लावतात, त्याचा त्रास होतो. आईला सगळे वेडी समजतात.

जनुकवाली

रेणुताई, वेडी कुणी म्हणत नाही. दोन्ही पेपर खरे आहेत आणि तुम्ही नीट वाचलेत. पण ते काय म्हणतात त्यापुढे किटवाले उडी मारतात.

चार्जमधली व्हिटॅमिनं आईने घेतलेली. गर्भधारणेच्या आधीचे तीन महिने आणि पहिला महिना. साडेतीन वर्षांच्या मुलाला आज मिथाइलफोलेट दिल्याने काय होतं हा त्या अभ्यासाचा प्रश्नच नव्हता. साडेचारपट हा आकडाही मोजक्या आयांवरून आलेला आहे, कारण एकाच वेळी टी/टी असलेल्या आणि व्हिटॅमिन न घेतलेल्या बायका मुळात कमी.

मेटा-ॲनालिसिसचं म्हणाल तर त्यात आठच अभ्यास होते आणि ते सगळे 'एक जीन निवडा आणि बघा' पद्धतीचे. या पद्धतीने गेल्या वीस-तीस वर्षांत मानसिक आजारांपासून मधुमेहापर्यंत शेकडो जीन 'सापडले' आणि मोठ्या नमुन्यांत विरघळून गेले. म्हणून मग सगळा जीनोम एकदम चाळायची पद्धत आली. ऑटिझममधला तसा मोठा अभ्यास २०१९ चा: १८,३८१ ऑटिस्टिक माणसं, २७,९६९ इतर. त्यात पाच जागा ठामपणे सापडल्या. एमटीएचएफआर त्या पाचांत नाही.

पण याचा अर्थ 'कॉमन जीन-रूपांचा ऑटिझमशी संबंध नाही' असा अजिबात नाही, आणि इथे दोन्ही बाजूंचे लोक घसरतात. ऑटिझममध्ये आनुवंशिकतेचा वाटा साधारण ८० टक्के येतो, पाच देशांतल्या वीस लाख मुलांच्या २०१९ च्या अभ्यासातून. आणि स्वीडनच्या आकडेवारीवरून २०१४ मध्ये दाखवलं गेलं की या आनुवंशिक वाट्याचा बराचसा भाग सर्रास सापडणाऱ्या रूपांतूनच येतो. फक्त ती रूपं हजारो आहेत, प्रत्येकाचा हातभार चिमूटभर, आणि ती तुमच्या-माझ्यातही असतात. त्यातलं एक उचलून त्यावर एक गोळी, हे जमत नाही. कारण त्या एकाला दुरुस्त केलं तरी बाकीचे तिथेच असतात, आणि मेंदूची बरीचशी घडण जन्माच्या आधीच झालेली असते.

तुमच्या मुलाच्या बाबतीत एक विचारू का? मिथाइल बी१२ सुरू करायच्या आधी रक्तातलं बी१२ तपासलं होतं? तुम्ही पूर्ण शाकाहारी आहात असं मागे एका धाग्यावर वाचल्यासारखं आठवतंय.

रेणुताई_ऐरोली

हो, शाकाहारी. नाही, तपासलं नव्हतं. त्यांनी सांगितलं जीन रिपोर्ट असल्यावर रक्ताची गरज नाही, रक्तातली पातळी फसवी असते.

जनुकवाली

मग होऊ शकतं की मुलाला बी१२ खरंच कमी पडत होतं आणि ते भरून निघाल्यावर तो सुधारला. तो फायदा शंभर टक्के खरा, आणि त्याला एमटीएचएफआर लागत नाही. २०१६ ते २०१८ मध्ये झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १ ते ४ वयाच्या मुलांत बी१२ ची कमतरता १४ टक्के, फोलेटची २३ टक्के, लोहाची ३२ टक्के निघाली. किशोरवयात बी१२ ची ३१ टक्क्यांवर जाते. पूर्ण शाकाहारी आईचं दूध पिणाऱ्या बाळात बी१२ फारच कमी झालं तर बाळ सुस्तावतं, हसणं थांबवतं, शिकलेलं विसरतं, हातपाय थरथरतात; बालरोगतज्ज्ञांना हे चित्र चांगलं ठाऊक आहे. अशा मुलाला इंजेक्शन दिलं की घर उजळतं. तेव्हा 'व्हिटॅमिनांनी काही होत नाही' असं मी कधीच म्हणणार नाही. कमतरता असेल तर होतं, पुष्कळ होतं. ती रक्तात दिसते. गालाच्या काडीत नाही.

रेणुताई_ऐरोली

माझ्या मुलाला जे लागू पडलं ते मी बंद करणार नाही.

जनुकवाली

बंद करा असं म्हणतच नाहीये. एकदा पातळी बघा आणि डॉक्टरांना बाटलीवरचे आकडे दाखवा, एवढंच.

खारघरचा_बाबा

सई, माझी मुलगी नऊ वर्षांची. आपल्या परिसरातल्या पालकांना जे जे विकलं जातं ते बहुतेक माझ्या कपाटात येऊन गेलंय. म्हणून थोडं कडू बोलतो.

१९९९ चा एक किस्सा वाच. सिक्रेटिन नावाचं आतड्याचं संप्रेरक, त्याच्या एका इंजेक्शनने ऑटिस्टिक मुलं बोलू लागली अशी अमेरिकेत आवई उठली होती. चाचणी झाली. अर्ध्या मुलांना सिक्रेटिन, अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी, पालकांना माहीत नाही कुणाला काय. दोन्ही गट सुधारले, जवळजवळ सारखेच, साधारण तीस टक्के मुलं. मजा पुढे आहे. पालकांना सांगितलं की फरक काहीच नाही, तरी ६९ टक्के पालक म्हणाले, आम्हाला अजून हवंय. त्या पालकांना हसू नकोस, मीही त्यांच्यातलाच. मूल वाढत असतं, थेरपी चालू असते, आणि आपण डोळ्यांत तेल घालून बघत असतो की आज काही नवीन केलं का. सापडतंच.

मिथाइल बी१२ वरची नीट चाचणीही आहे, २०१६ ची, ५७ मुलं, आठ आठवडे इंजेक्शनं. डॉक्टरांच्या मोजपट्टीवर थोडा फरक आला. पालकांनी भरलेल्या फॉर्मवर नाही आला. याच्यावर महिन्याला सोळा हजार?

आणि नवऱ्याला सांग, ओटीचं सेशन कापू नकोस. गोवा आणि रावळपिंडीत एक चाचणी झाली होती, २०१६ मध्ये लॅन्सेट सायकिअट्रीत आली. तज्ज्ञ नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्यांनी घरी जाऊन आईवडिलांना मुलाशी खेळायचं-बोलायचं कसं ते दाखवलं. फरक आईबापांच्या प्रतिसादात दिसला, आणि मुलं आपणहून संवाद सुरू करायला लागली. त्यात सोळा हजारांची बाटली नव्हती. जमिनीवर बसणं होतं.

औषधवाला_कोपरखैरणे

मेडिकलचं दुकान आहे, त्यामुळे मी लेबल वाचणारा माणूस. सईताई, किटमधल्या बी६ वर किती मिलिग्रॅम लिहिलंय ते बघाल का? पायरिडॉक्सिन किंवा पी५पी या नावाने असेल.

सई_कासारवडवली

दोन चमचे रोज म्हणजे ५० मिलिग्रॅम. अजून उघडलेलं नाही, नमुन्याची बाटली दिलीय.

औषधवाला_कोपरखैरणे

साडेतीन वर्षांच्या मुलाला दिवसाला लागतं साधारण एक मिलिग्रॅम. अमेरिकेत १ ते ३ वयासाठी सुरक्षित वरची मर्यादा ३० मिलिग्रॅम धरतात. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये मोठ्या माणसांचीच मर्यादा १२ वर आणली. बी६ जास्त काळ जास्त दिलं की नसा खराब होतात, हातापायांना मुंग्या, तोल जाणं. न बोलणारं मूल मुंग्या येतायत असं सांगणार कसं? तो चिडचिड करेल, पाय आपटेल, आणि आपण म्हणू ऑटिझम वाढला.

बी६-मॅग्नेशियम हे काही नवं नाही. १९६० च्या दशकापासून चालत आलंय. वैद्यकीय चाचण्यांचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने सगळ्या चाचण्या चाळल्या आणि शिफारस करण्याइतका पुरावा नाही म्हणून सांगितलं.

दुसरं, डी३. आपल्याकडे ६०,००० युनिटचं पाकीट मिळतं, आठवड्यातून एक असं लिहिलेलं. माझ्या काउंटरवर महिन्यात एखादा तरी येतो की साहेब, रोज दुधातून देतोय, अजून द्या. त्यात किटमधले थेंब, त्यात हेल्थ ड्रिंकमधलं डी, त्यात हाडांचं सिरप. कुणी बेरीज करत नाही. डी जास्त झालं तर रक्तात कॅल्शियम चढतं: बद्धकोष्ठ, उलट्या, सारखी तहान, पुढे मूत्रपिंडाला त्रास. पाण्यात विरघळणारं व्हिटॅमिन लघवीवाटे जातं, पण अ, ड, ई, के साठतात. आणि बी६ ने दाखवलंय की लघवीवाटे जाणाऱ्यांवरही फार विसंबू नये. सासूबाईंना हे सांगा.

तिसरं. भरपूर फोलेट देत राहिलं आणि बी१२ आतून कमीच असलं, तर हिमोग्लोबिन चांगलं दिसतं आणि नसांचं नुकसान चालू राहतं. म्हणूनही आधी तपासा.

नौपाडा_आजोबा

वरचे सगळे वाचले. आमच्या नातीचेही असेच आहे. एक साधा प्रश्न. हा दोष आईकडून येतो की वडिलांकडून? घरात यावरून फार बोलणी झाली आहेत आणि आमची सून गप्प राहते ते मला बघवत नाही.

जनुकवाली

आजोबा, प्रत्येक जीनची एक प्रत आईची, एक बाबांची. सर्रास सापडणारी रूपं दोन्हीकडून थोडी थोडी येतात. मोठा परिणाम करणारे दुर्मीळ बदल बऱ्याचदा आई-बाबा कुणातच नसतात, बीजात किंवा गर्भ तयार होतानाच नव्याने घडतात. आणि असे नवे बदल वडिलांच्या बीजातून जास्त येतात, वडिलांच्या वयाबरोबर वाढतात. हे घरातल्या बोलणाऱ्यांना जरूर वाचून दाखवा.

नौपाडा_आजोबा

आज जेवताना सर्वांसमोर वाचतो. आभारी आहे.

स्वमग्न_नेरूळ

मी ऑटिस्टिक आहे, वय २६, सीवूड्सला कामाला. 'लागू पडलं', 'बरा झाला' हे वाचून प्रत्येक वेळी कसंतरी होतं, पण ते राहू दे, मुद्द्याचं बोलतो.

लहानपणी मी दहीभात, एका प्रकारचं बिस्किट आणि बटाट्याची सुकी भाजी खायचो. मोहरी दिसली तर ताट बाजूला. आमटीत भात भिजला की त्याचा स्पर्श तोंडात असा काही व्हायचा की उलटी. हा हट्ट नव्हता. अशा मुलांना स्कर्व्ही झाल्याची उदाहरणं वैद्यकीय मासिकांत आहेत: मूल लंगडायला लागतं, हिरड्यांतून रक्त येतं, हाडांचे डॉक्टर संधिवात शोधत बसतात आणि निघतं क जीवनसत्त्वाचं दुर्भिक्ष. जीन बघण्याआधी ताट बघा. तो काय खातो हे आठवडाभर लिहून काढा. मला आईने एका वेळी एकच पदार्थ बदलत, तोही कोरडा, वेगळ्या वाटीत देत देत वाढवलं. लपवून घातलेलं मला लगेच कळायचं आणि मग तो पदार्थ कायमचा बाद व्हायचा.

सई_कासारवडवली

हुबेहूब आमचं घर. दहीभात, बिस्किट, आणि चिप्स. पोळी गेली दिवाळीपासून बंद.

मीनल_सीवूड्स

थोडं वेगळं विचारते. अमेरिकेत ते ल्युकोव्होरिन आलंय ना ऑटिझमसाठी? आमच्या ग्रुपवर सगळे मागवतायत. तेही फोलेटच आहे म्हणे.

जनुकवाली

फोलेटचंच एक रूप, फोलिनिक ॲसिड. पण ते प्रिस्क्रिप्शनचं औषध आहे. कॅन्सरवाल्यांना मेथोट्रेक्सेटबरोबर देतात म्हणून आपल्याकडे आधीपासून मिळतं. त्यामागची कल्पना एमटीएचएफआरची नाही. काही मुलांत फोलेट मेंदूत नेणाऱ्या रिसेप्टरविरुद्ध प्रतिपिंडं असतात, मग रक्तात फोलेट भरपूर असूनही मेंदूत कमी पोचतं. मोठा डोस देऊन दुसऱ्या वाटेने आत ढकलायचं. अमेरिकेतल्या एका चाचणीत ४८ मुलं होती, बारा आठवडे, आणि बोलण्यात फायदा दिसला, प्रतिपिंडं असलेल्यांत जास्त. ४८. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेत सरकारने पत्रकार परिषद घेऊन याचा गाजावाजा केला, आणि तिथल्या औषध प्रशासनाने लेबलची हालचाल केली ती 'सेरेब्रल फोलेट डेफिशियन्सी'साठी, म्हणजे मेंदूत फोलेट कमी असण्यासाठी. बातमी मात्र ऑटिझमचं औषध अशीच पोचली. मला स्वतःला ही कल्पना रंजक वाटते, किटवाल्यांच्या रंगीत गोलांपेक्षा शंभर पटीने. पण मोठ्या चाचण्या होईपर्यंत ग्रुपवर मागवून द्यायची ती गोष्ट नाही. काही मुलं त्यावर फार चिडचिडी होतात, झोप उडते. बालमेंदूतज्ज्ञाशी बोला.

आणि जीन आणि व्हिटॅमिन यांची खरी जोडी कुठे आहे तेही लिहून टाकते, कारण ती हुकू नये. बायोटिनिडेज नावाचं एन्झाइम जन्मतःच नसलेली मुलं असतात. फिट्स येतात, केस विरळ होतात, अंगावर पुरळ, ऐकू कमी, वाढ मागे पडते. त्यांना रोज काही मिलिग्रॅम बायोटिन दिलं की रोग थांबतो. आयुष्यभर द्यायचं, पण स्वस्त आहे. पायरिडॉक्सिनवरच थांबणाऱ्या फिट्स असतात. मेंदूत फोलेट नेणारा जीनच बिघडलेला असतो. हे सगळे दुर्मीळ, आणि बहुतेक वेळा दोन्ही प्रती बिघडलेल्या लागतात. म्हणून जेनेटिक काउन्सेलर पहिल्यांदा विचारते, 'नात्यात लग्न आहे का? मामाची मुलगी केलीय का?' तिथे जीन तपासणं आणि व्हिटॅमिन देणं, दोन्ही मुलाचं आयुष्य बदलतं. सर्रास सापडणाऱ्या रूपांवर हीच भाषा चिकटवून किट विकतात, माझा राग त्यावर आहे.

सई, तपासणीवर खर्च करायचाच तर क्रोमोसोमल मायक्रोॲरे (गुणसूत्रांचे तुकडे कमी-जास्त आहेत का ते बघणारी टेस्ट) आणि फ्रॅजाइल एक्स (एका जीनमधल्या बिघाडाचा आजार) याबद्दल डॉक्टरांना विचार. मायक्रोॲरेतून शंभरात दहा-पंधरा मुलांत काहीतरी ठोस सापडतं. पुढचं मूल हवं असेल तर त्याचा उपयोग जास्त, कारण ऑटिस्टिक मुलाच्या धाकट्या भावंडात ऑटिझम असण्याची शक्यता साधारण पाचात एक धरतात. शब्द येऊन गेलेत म्हणालीस, ते बालमेंदूतज्ज्ञांना ठळकपणे सांग. ईईजी लागेल का ते ठरवतील. आणि बेरा झाली का? ऐकण्याची तपासणी झाल्याशिवाय पुढचं काही नको.

टिंग्या_वाशी

मघाशी चेष्टा केली, आता कामाचं. वाशीला नवी मुंबई महापालिकेचं ईटीसी केंद्र आहे, विशेष मुलांसाठी. खारघरला एनआयईपीआयडीचं, म्हणजे बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचं, प्रादेशिक केंद्र. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने वाशीला थेट गाडी आहे. दिव्यांगत्वाचं यूडीआयडी कार्ड आणि निरामय हा सरकारी आरोग्यविमा, दोन्हींचे अर्ज करून टाका. निरामयमध्ये वर्षाला एक लाखापर्यंत, थेरपीचे पैसेही काही मर्यादेत मिळतात.

सई_कासारवडवली

उशिरा लिहितेय. बेरा झाली, नॉर्मल. पीडियाट्रिशियननी रक्त तपासलं. बी१२ कमी, फेरिटिन (लोहाचा साठा) तर फारच खाली, डी काठावर. फोलेट नॉर्मल! होमोसिस्टीन (बी१२ कमी पडलं की रक्तात वाढतं ते) किंचित जास्त, ते म्हणाले बी१२ मुळे असेल, तीन महिन्यांनी पुन्हा बघू. लाल गोलांचा रिपोर्ट दाखवला तर त्यांनी सांगितलं, २०१३ सालीच अमेरिकेतल्या वैद्यकीय आनुवंशिकी संस्थेने गर्भपात-रक्ताच्या गुठळ्यांसाठीसुद्धा ही टेस्ट नेहमीची म्हणून करू नका असं लिहून ठेवलंय, आणि कागद फाइलच्या मागच्या खणात घातला. बी१२, लोहाचे थेंब आणि डी आठवड्याला, मोजून दिलंय. सगळं मिळून महिन्याला पाचशेच्या आत. किट परत केलं, टेस्टचे पैसे नाही मिळाले. ओटी तेवढीच ठेवली.

सेंटरवाल्या बाईंचं तोंड जरा वाकडं झालंय. बघू.

आत्ताची अडचण: लोहाचे थेंब तोंडातून बाहेर टाकतो आणि दातांवर काळे डाग आलेत. दुधात मिसळून चालेल का?

औषधवाला_कोपरखैरणे

दुधात नको, लोह नीट शोषलं जात नाही. चहाही नको. दोन जेवणांच्या मध्ये, लिंबूपाणी किंवा संत्र्याच्या रसाच्या घोटाबरोबर द्या. रस घेत नसेल तर नुसतं पाणी. ड्रॉपर किंवा सुई काढलेली सिरिंज गालाच्या आत, जिभेच्या मागच्या बाजूला धरा, पुढच्या दातांना लागू देऊ नका, आणि नंतर लगेच ब्रश. डाग वरवरचे असतात, दातांचे डॉक्टर साफ करतात. चवच नको असेल तर डॉक्टरांना विचारून दुसऱ्या प्रकारचं लोह घ्या, काहींची धातूची चव कमी असते. शी काळी होईल, घाबरू नका. आणि बाटली उंचावर ठेवा, लोहाचं औषध लहान मुलाने एकदम प्यायलं तर ते जिवावर बेतू शकतं.

स्वमग्न_नेरूळ

देण्याआधी त्याला सिरिंज हातात घेऊन पाण्याने खेळू दे दोन-तीन दिवस. अचानक तोंडात काही घातलेलं मला अजूनही चालत नाही.